क्लचला लागतात अठरा किलो

दातांच्या डॉक्टरांनी गाडी नोंदवली तेव्हा यादीत त्यांचा नंबर एकेचाळिसावा होता आणि डावा पाय ठणठणीत होता. चार वर्षांनी नंबर सहावर आला. पाय मात्र उलट्या दिशेनं निघाला होता.

गाडी दोन दारांची, दोन माणसांची, पेट्रोलवर चालणारी, हातानं गिअर टाकायची. तीस वर्षं लोकांच्या तोंडात बघून काढल्यावर माणसाला एकदा तरी लांबवर काहीतरी बघावंसं वाटतं, असं डॉक्टरांचं म्हणणं. "या वयात लोक गुडघे बदलतात, आमचे हे गाडी बदलतायत," असं बाईंचं म्हणणं. बाई म्हणजे त्यांची बायको. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळे सगळं गाव तिला बाईच म्हणायचं.

शोरूमचा विक्रेता दर तीन महिन्यांनी फोन करी. बाईंनी त्याचं नाव तारीखवाला ठेवलं होतं.

"सर, आनंदाची बातमी. तारीख पुढे गेली, पण फक्त पाच महिने."

"यात आनंद कसला?"

"आधी आठ म्हणत होते, सर."

दरम्यान बाजार विजेवर चालला होता. शोरूममधला ऑइलचा वास गेला, कुंड्या आल्या. गाड्या अंगावर येईपर्यंत कळेनात. यादीतली माणसं एकेक करून विजेच्या गाडीकडे वळली आणि तेवढ्यानं डॉक्टर पुढे सरकत राहिले. काहींनी रीतसर माघारही घेतली नाही, सरळ स्मशान गाठलं. कंपनीनं त्यांनाही 'आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत' असं पत्र पाठवलं.

पायाचं पहिल्यांदा दवाखान्यात लक्षात आलं. दात कोरायचं मशीन पायानं दाबून चालतं, आणि डॉक्टर ते पहिल्यापासून डाव्या पायानं दाबत. एक दिवस ते मध्येच थांबायला लागलं. त्यांनी पेडल बदललं. नवंही थांबायला लागलं. मग एका सकाळी दवाखान्यातली मदतनीस यायच्या आत त्यांनी पेडल उजव्या पायाशी सरकवलं आणि नसांच्या डॉक्टरकडे गेले. हा त्यांचा हॉस्टेलचा मित्र. त्यानं सुया टोचल्या, तारा लावल्या, कागद बघितला.

"डाव्या पायाची ताकद हळूहळू जाणार. रोज व्यायामाला ये, म्हणजे आणखी हळू जाईल."

"हळू म्हणजे किती? तारीख सांग."

"मी काय गाड्या विकतो का रे?"

डॉक्टरांनी घरी कोणाला काही सांगितलं नाही. कंपनीला मात्र पत्र लिहून विचारलं, की या गाडीचा क्लच दाबायला जोर किती लागतो? सात महिन्यांनी उत्तर आलं: सुमारे अठरा किलो.

त्या दिवसापासून रोज सकाळी डॉक्टर बाथरूममध्ये स्टूल नेत, वजनकाटा भिंतीला टेकवून उभा करत आणि डाव्या पायानं दाबत. आलेला आकडा दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहीत. एकतीस. एकतीस. एकोणतीस. सव्वीस.

बाईंना वाटलं, नवऱ्यानं वजन लिहून ठेवायला घेतलंय. पण सव्वीस किलोचा नवरा त्यांच्या पाहण्यात नव्हता. एकदा दार नीट लागलं नव्हतं, तेव्हा त्यांनी फटीतून पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. कळलंय हे त्यांनीही सांगितलं नाही. त्या घरात न सांगण्याची फार जुनी सवय होती. तिलाच ते दोघं समजूतदारपणा म्हणत.

ज्या सकाळी आकडा अठरा आला, त्या सकाळी डॉक्टर स्टुलावरून उठलेच नाहीत. दवाखान्यात तीन पेशंट गाल धरून बसले होते. बाईंनी दारावर टकटक केली.

"अहो, येताय ना?"

"येतो."

हे "येतो" दीड तास चाललं. नंतरचे आठ दिवस ते जेवले, पण काय जेवले हे त्यांना विचारून सांगता आलं नसतं. नवव्या दिवशी बाईंनी वजनकाटा जिन्यावरून खाली सोडला. दोनदा, कारण पहिल्यांदा तो फुटला नाही. मग त्या दुकानात गेल्या.

"जास्त दाखवणारा काटा द्या."

दुकानदारानं चष्मा वर केला. "ताई, बावीस वर्षं झाली दुकान टाकून. सगळे कमी दाखवणारा मागतात."

"मला जास्तीचा हवाय."

त्यानं मागच्या बाजूनं एक परत आलेला काटा काढून दिला. आठ किलो जादा दाखवतो म्हणून एका गिऱ्हाइकानं तोंडावर फेकला होता. बाईंनी चारदा उभं राहून खात्री केली. आठच.

दुसऱ्या दिवशी बाथरूममधून शीळ ऐकू आली. डॉक्टर बाहेर आले ते पंचविशीतले होऊन.

"अगं, तुझा जुना काटा खोटारडा होता!"

"असेल बाई," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी मित्राला फोन करून निदान चुकल्याचं कळवलं आणि व्यायामाला जाणं बंद केलं. हे बाईंच्या हिशोबात नव्हतं. खरं सांगायचं ठरवून त्या दोनदा बाथरूमच्या दाराशी गेल्या. दोन्ही वेळा आतून शीळ येत होती.

पुढच्या पावसाळ्यानंतर तारीखवाल्याचा फोन आला. कंपनीनं शेवटचं विचारलं होतं. शुक्रवारपर्यंत सांगा. विजेची घ्या, महिन्याभरात दारात. क्लच नाही, गिअर नाही, नुसतं बसायचं. किंवा पेट्रोलचीच घ्या. शेवटची तुकडी, कधी येईल सांगता येत नाही, पण मग रद्द करता येणार नाही आणि दोन वर्षं विकता येणार नाही.

डॉक्टरांनी सही करायच्या आधी पायानं काटा दाबून पाहिला. चोवीस.

"सहा किलो हाताशी आहेत," ते म्हणाले आणि त्यांनी पेन उघडलं.

बाईंनी आतल्या खोलीतून तारीखवाल्याला फोन लावला.

"खरं सांगा. ती पेट्रोलची येणार आहे का?"

तिकडे आवाज खाली आला. "मॅडम, तुम्ही म्हणून सांगतो. कारखान्यात ती लाईनच उखडून काढतायत. नाही येत. शेवटी सगळ्यांना विजेचीच देणार. मी स्वतः बायकोला विजेची स्कूटर घेतली."

मग सांगायचं कशाला? न येणाऱ्या गाडीसाठी न उरलेला पाय. दोन्ही खोटी एकमेकांना सांभाळून घेतील, असा बाईंनी विचार केला. रसायनशास्त्रात असं होतं.

गाडी चौदा महिन्यांनी आली. उरलेल्या सगळ्यांनी माघार घेतल्यामुळे शेवटी एकच गाडी जोडायची राहिली होती, आणि एका गाडीपुरते सुटे भाग गोदामात सापडले. तारीखवाल्यालाच सगळ्यात मोठा धक्का बसला. "सर, ती खरंच आलीय," असं त्यानं फोनवर तीनदा सांगितलं. डॉक्टरांनी त्या सकाळी वीस किलो दाबले.

शोरूममध्ये ती कोपऱ्यात उभी होती, गडद हिरवी, ठेंगणी. तारीखवाला, सर्व्हिसचा मिस्त्री आणि बाई अशी तिघांची गर्दी. डॉक्टर आत बसले, चाकावर हात ठेवले आणि क्लच दाबला.

तो अर्ध्यावर जाऊन परत आला.

डॉक्टरांनी सीट पुढे घेतली. पुन्हा दाबला. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून वरून जोर दिला. कपाळावर घाम आला.

"क्लच जड आहे," ते म्हणाले. "बघा जरा."

मिस्त्री वाकला आणि पेडल हातानं खाली दाबलं. सहज. मग त्यानं तारीखवाल्याकडे पाहिलं, आणि दोघांनाही एकदम दुसरीकडे काम असल्याचं आठवलं.

बाई पलीकडच्या सीटवर येऊन बसल्या.

"अहो, काटा आठ जास्त दाखवतो."

डॉक्टर समोरच्या काचेतून बघत होते. समोर भिंत होती.

"पहिल्यापासून?"

"नवा आणला तेव्हापासून. मी तसाच मागून आणला."

"म्हणजे सही केली तेव्हा..."

"सोळा."

"आणि आज बारा." वजाबाकी त्यांनी स्वतःच केली. "का?"

"तुम्ही दिवसभर लोकांना 'दुखणार नाही' सांगता. मी एकदा सांगितलं."

"मी दोन मिनिटांसाठी सांगतो गं."

बाई म्हणाल्या, "मला वाटलं, अठराच्या खाली गेलाय कळलं तर तुम्ही खचाल. त्या आठवड्यात तुम्ही कसे झाला होतात, तुम्हाला नाही ठाऊक."

"झालो असतो आणखी पंधरा दिवस. मग विजेची घेतली असती."

"तुम्ही? विजेची?"

"घेतली असती," डॉक्टर म्हणाले. "मला लांब कुठेतरी जायचं होतं. क्लच दाबायला थोडाच जायचं होतं. आणि व्यायामही सोडला नसता."

बाईंनी तोंड फिरवलं. पलीकडे काचेबाहेर तारीखवाला घुटमळत होता. त्यानं बोटाच्या पेरानं काचेवर हलकेच वाजवलं.

"सर, माफ करा. ही जागा जरा रिकामी करून हवी होती. चार्जर बसवायला माणसं आलीत."

"चालू होत नाही," डॉक्टर म्हणाले.

"गाडी?"

"मी."

शेवटी गाडी न्यूट्रलला टाकली आणि ढकलायची ठरली. मागून मिस्त्री आणि तारीखवाला लागले. बाई उतरल्या, पर्स खांद्यावर मागे सारली आणि दोघांच्या मधोमध हात टेकवून उभ्या राहिल्या.

"मॅडम, तुम्ही राहू द्या."

"तुम्ही ढकला."

गाडी हलली. डॉक्टरांनी चाक सरळ धरलं होतं. शेवटच्या दहा-बारा पावलांना उतार लागला, मिस्त्री "ब्रेक, ब्रेक!" म्हणून ओरडला, आणि डॉक्टरांनी उजव्या पायानं ब्रेक दाबला. गाडी भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबली.

मग बराच वेळ ना ते उतरले, ना बाईंनी गाडीवरचे हात काढले.