पुतळाबाईंनी चालू ठेवलेला कॉम्प्युटर

हिरामण आमचा घरमालक, मूळचा दिवाळे गावचा. बापाची होडी होती, खाडीकाठी शेत होतं. ते गेलं आणि त्या जागी तीन मजली बिल्डिंग आली. मी जयप्रकाश, साताऱ्याकडचा, नेरूळच्या शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर, त्याचा पहिल्या मजल्यावरचा भाडेकरू. वीज वाया गेलेली मला बघवत नाही. कुणाकडे रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला, तर मी हातातला चहा टाकून उठतो आणि बटण बंद करतो. लोक हसतात. हसोत बापडे.

अठ्ठ्याण्णवच्या जुलैत एका सकाळी हिरामण दारात येऊन उभा राहिला.

"मास्तर, आमचा मीटर मोजा. नि पुतळाला सांगा, हरेशच्या कॉम्प्युटरनं बिल फुगलंय. बंद कराला सांगा."

"बिलाचं एवढं मनावर घेतलंस?"

"बिल गेलं चुलीत. ती त्याच्यासमोरशी उठत नाय, मास्तर. जेवाला पन नाय. माजं आयकत नाय, तुमचं आयकंल."

हरेश त्यांचा एकुलता एक. मार्चमध्ये कॉम्प्युटर चालूच ठेवून, "आलोच" म्हणत जुईनगरला मित्राकडे वह्या आणायला गेला आणि वळणावर डंपरखाली आला. एकोणीस वर्षांचा पोरगा. कार्य होईपर्यंत घरात दिवा तेवत ठेवायचा असतो, तसा ठेवला. कार्य झाल्यावर दिवा उचलला, पण कॉम्प्युटरला पुतळाबाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. हरेशनं स्वतःच्या हातानं लावलेला तो, दुसऱ्या कुणी का विझवायचा? त्या खोलीत त्या कुणाला येऊही देईनात. हिरामणला तर उंबराच ओलांडवेना.

मी वर गेलो. मला मात्र बाईंनी आत घेतलं, कारण त्यांनाही मोजून हवं होतं.

"हे पाहा मास्तर," त्या म्हणाल्या, "फ्रीज बंद केलाय. टीव्हीची पिन काढलीय. पंखा लावत नाय. ट्यूबलाइट संध्याकाळी एकच, ती पन सैपाकापुरती. अजून काय बंद करू ते सांगा. ह्यो सोडून."

असं घर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. भर उकाड्यात बाईंच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि डोक्यावरचा पंखा स्तब्ध. वर्गात पोरांना मी जे जे सांगत आलो, ते सगळं या न शिकलेल्या बाईनं एका कॉम्प्युटरपायी करून दाखवलं होतं. पण आलो होतो मोजायला, तेव्हा जिन्यातल्या मीटरसमोर घड्याळ घेऊन उभा राहिलो. तबकडीवरची लाल खूण पन्नास सेकंदांनी एकदा समोर येत होती. घरात दुसरं काहीच चालू नव्हतं, म्हणजे हा सगळा खर्च कॉम्प्युटरचा. हिशेब सोपा होता.

"दोन पंख्यांएवढी वीज खातोय," मी वर येऊन सांगितलं. "तीही रात्रंदिवस."

"मग दोन पंखे बंद हायेत ना आमचे. फिटलं."

खोलीत पडदे ओढलेले. कॉम्प्युटरच्या काळ्या काचेवर इंग्रजी अक्षरांची एक ओळ उजवीकडून डावीकडे सरकत होती. बाईंची चटई बरोबर समोर अंथरलेली.

"लाइट गेली का ह्यो पन मरतो," त्या म्हणाल्या. "पन आली का आपला आपन उठतो. मग थोड्या येळानं नाव परत येतं. तवर जीव थाऱ्यावर नसतो." मग जरा लाजत विचारलं, "त्याचंच नाव हाय ना, मास्तर?"

मी चष्मा पुसून वाचलं. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. आणि माझा मेल्याचा स्वभाव! कुणी चुकलं की बरोबर काय ते सांगून मोकळा होतो.

"नाही," मी म्हणालो. "त्यानं लिहिलंय, वापरत नसाल तर बंद करा."

बोललो आणि जीभ चावली. वाक्य माझंच होतं. जिन्यातल्या बटणावर मी खडूनं लिहिलेलं. त्यावरून हरेश मला येता-जाता चिडवायचा. माझी थट्टा म्हणून त्यानं ते कॉम्प्युटरवर स्क्रीनसेव्हर करून सोडलं असणार, कुणी हात लावला नाही की आपोआप फिरणारं.

पुतळाबाई माझ्याकडे वळल्या.

"त्यानं सांगितलंय? बंद करा म्हनून?"

"अहो, ते तसं नाही. गंमत होती ती. माझी खोडी..."

त्यांना ऐकूच जात नव्हतं. त्या उठल्या, भिंतीवरच्या बटणापाशी गेल्या आणि बटण दाबलं. अक्षरं अर्ध्यातच गेली. आतल्या छोट्या पंख्याची घरघर थांबली, आणि ती थांबल्यावर कळलं, की इतके महिने या घराला तिचाच आवाज होता.

आवाज थांबलेला ऐकून हिरामण धावत आला. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यानं तो उंबरा ओलांडला. बायकोकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. ज्यासाठी मला वर पाठवलं होतं ते झालं होतं, आणि आता तोच बटणाकडे हात नेत होता.

"ऱ्हाऊ दे गो चालू. मी कवा बोलनार नाय. ऱ्हाऊ दे."

बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"नको. चार म्हयने पोर सांगतंय, आई, बंद कर, आई, बंद कर. नि मी त्याच्यासमोर बसून नुस्ती बगत ऱ्हायले. आता तरी आयकू दे मना त्याचं."

हिरामण तिथंच चटईवर बसला. स्मशानातही ज्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, तो माणूस दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागला. पुतळाबाई मात्र रडल्या नाहीत. त्यांनी पदरानं कॉम्प्युटरची काच पुसली, शाळेत निघालेल्या पोराचं तोंड पुसावं तशी, आणि कितीतरी वेळ पुसतच राहिल्या.