अर्धा इंच कमी

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे, शिंप्याच्या गळ्यात लोंबते ती. माझे आकडे पुसट झालेत, एका टोकाची पितळी पट्टी केव्हाच गळून पडली. कारखान्यातून निघाले ती थेट मास्तरांच्या गळ्यात आले आणि चाळीस वर्षं तिथेच राहिले.

मास्तरांची एक खोड होती. गिऱ्हाइकाला आपल्या पोटाची लाज वाटतेय असं दिसलं, की ते माप मोठ्यानं सांगताना अर्धा इंच कमी सांगत. कापडात मात्र खरं माप. "माणसालाही बरं वाटावं आणि कपडाही बसावा," म्हणायचे.

पुढे दुकान सुटलं. मी मशीनच्या खणात पडून राहिले. मास्तरांचं हृदय थकलं, पायांत पाणी साठू लागलं. दवाखान्यात बारा दिवस काढून ते घरी आले, तेव्हा डॉक्टरांनी सुनेला बजावलं, "रोज सकाळी घोटा मोजा. अर्धा इंच वाढला तरी लगेच घेऊन या."

मला खणातून काढलं. पुन्हा कामाला लागले म्हणून मी हरखले होते.

सुनेची सकाळची घाई, म्हणून मास्तर स्वतःच मोजायचे. लेकीची वेणी घालता घालता ती विचारायची, "बाबा, आज किती?"

घरी आले तेव्हा घोटा साडेनऊ होता. त्या दिवशी मी दहा दाखवत होते.

"साडेनऊ," मास्तर म्हणाले.

"नक्की ना?"

"अगं, माझा पाय काय कलिंगड आहे, रोज वाढायला?"

ती हसली. वहीत साडेनऊ लिहिलं.

मग मी साडेदहा दाखवले, मग अकरा. आता अर्धा इंच पुरेना. वहीत मात्र साडेनऊच. मला गुंडाळताना मास्तर पुटपुटायचे, "दवाखान्याच्या त्या खाटेवर पुन्हा नको गं बाई."

एका सकाळी त्यांना श्वासच घेता येईना. नेलं, ते परतले नाहीत. डॉक्टर वही चाळत म्हणाले, "सूज तर वाढलेली दिसत नाही."

महिन्यानं सून कपडे आवरायला बसली. मास्तरांच्या मोज्यांचे चार जोड निघाले. प्रत्येकाचं तोंड उसवून, आत कापडाची पट्टी जोडून, बारीक टाक्यांनी शिवलेलं. तिनं मला एकेकाच्या तोंडाभोवती धरलं. दहा. साडेदहा. अकरा. साडेअकरा.

हेच मोजे तिनं स्वतः धुऊन दोरीवर वाळत घातले होते.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दारातून "बरं आहे ना?" विचारून निघून जाऊ नका. खाली बसा. मोजा काढा, बोटानं पाय दाबून बघा. ते सांगणार नाहीत, आणि मला तर बोलताच येत नाही.