राणीच्या मिशा

आमच्या कुर्ना गावात एक परदेशी चित्रकार आला आणि डोंगरातल्या थडग्यात ममीसमोर कागद घेऊन बसला. मी दाराशी आरसा धरून ऊन आत पाठवत होतो. शेजारची बहिया मावशी चहा घेऊन आली, ती चित्र बघून तिथंच बसली. तिचा नवरा जादुल्ला कधीच गेला होता. त्याचा एकही फोटो नव्हता, आणि हल्ली त्याचा चेहरा तिला नीट आठवेनासा झाला होता.

"हनुवटी थेट आमच्या ह्यांची," ती म्हणाली. "जरा मिशा काढ बाबा."

"मावशी, ही राणी आहे!" चित्रकार म्हणाला.

"असू दे की. मिशांनी तिचं काय झिजतंय?"

त्यानं मिशा काढल्या. मग फेटा बांधला, कान मोठे केले, ओठ रुसवले. डावी भुवई वर चढली तशी मावशी डोक्यावरची ओढणी सावरून ताठ बसली.

"आलात होय?" ती कागदाला म्हणाली. "चहा गार झाला की."

चित्रकार चाचरत म्हणाला, "मावशी, चित्र मला न्यायचंय. त्यासाठीच एवढ्या लांब आलो."

मावशीनं कागद उराशी धरला आणि ममीकडं बोट केलं.

"मग हिला ने. हिची घरी कुणी वाट बघत नाही."