पहिलं पाऊल वली परकारचं

मॅक्रे साहेबांनी बोलावलंय असा निरोप आला, तेव्हा वली परकार स्टोअरमध्ये सिमेंटच्या गोण्यांच्या आडोशाला बसून दम खात होता. ही जागा त्यानं हेरून ठेवली होती. तिथून दरवाजा दिसायचा, पण दरवाजातून तो दिसायचा नाही. चौसष्ट साल संपायला आठवडा उरला होता. जानेवारीत त्याचा करार संपणार, नव्या करारासाठी कंपनीच्या डॉक्टरची सही लागणार, आणि डॉक्टर नवा होता, ओवेन नावाचा, वेल्सकडचा. जुना डॉक्टर छातीला नळी टेकवल्यासारखं करून सही करायचा. हा म्हणे प्रत्येकाला सदरा काढायला लावतो आणि डोळे मिटून ऐकत बसतो.

'कळलं वाटतं,' असं मनाशी म्हणत वली ऑफिसकडे निघाला. अबुधाबी शहरापासून दिवसभराच्या वाटेवर, समुद्राच्या कडेला तेलकंपनीचा तो कॅम्प होता. पत्र्याच्या बराकी, एक मेस, एक दवाखाना आणि चहूकडे वाळू. ऑफिस दोनशे पावलांवर. तेवढ्या वाटेत वली तीनदा थांबला, आणि तिन्ही वेळा चपलेतली वाळू झटकल्याचं सोंग केलं.

कॅम्पचे मॅनेजर मॅक्रे साहेब लाल तोंडाचे, मोठ्या आवाजाचे स्कॉटिश गृहस्थ. समोर वलीची फाइल उघडी होती.

"परकार, लढाईत तू पलटणीच्या बँडमध्ये होतास? बॅगपाइप वाजवायचास?"

"हो साहेब. पण त्याला आता सतरा-अठरा वर्षं झाली."

साहेबांनी टेबलावर थाप मारली. मग त्यांनी सगळं सांगितलं. नवं वर्ष म्हणजे त्यांच्या मुलखात नाताळापेक्षा मोठा सण. नव्या वर्षात घराच्या उंबरठ्यावरून पहिलं पाऊल काळ्या केसांच्या माणसाचं पडलं की वर्ष बरकतीचं जातं. त्या माणसानं सोबत पाव, मीठ आणि कोळसा आणायचा. आणि पाइप तर वाजलीच पाहिजे, तिच्याशिवाय सण कसला! पण पाइप वाजवणारा फ्रेझर नावाचा ड्रिलर, त्याचा उजवा हात गेल्या आठवड्यात साखळीत सापडून प्लास्टरमध्ये गेला होता.

"तुझे केस काळे आहेत, आणि पाइपही तुला येते. एका माणसात दोन्ही कामं! एक तारखेला, शुक्रवारी, सकाळी दहाला. तुमची जुम्म्याची नमाज चुकणार नाही."

"साहेब, बोटं विसरली असतील."

"बोटं काही विसरत नाहीत. उद्यापासून फ्रेझरबरोबर प्रॅक्टिस. ओके? यल्ला, चल!"

वली बाहेर आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. बोटांची भीती त्याला नव्हतीच. भीती होती ती श्वासाची. दोन वर्षांपासून त्याला धाप लागायची. पहाटे खोकल्याची उबळ आली की तो उशीत तोंड खुपसायचा. त्याचा थोरला भाऊ हारुन असाच धापा टाकता टाकता मिरजेच्या सॅनिटोरियममध्ये क्षयानं गेला होता. वलीनं त्या खाटेशेजारी बसून सगळं पाहिलं होतं. आपल्यालाही तेच झालंय हे त्यानं मनात पक्कं धरलं होतं, आणि म्हणूनच कुणाला विचारलं नव्हतं. विचारलं की उत्तर मिळणार, आणि उत्तर मिळालं की पहिल्या बोटीनं दाभोळ. तिथे बायको मैमुनाबी, लग्नाला आलेली अन्वरी, आणि अर्धं बांधून थांबलेलं घर.

आणि आता डॉक्टरसमोर उभं राहून पाइप फुंकायची!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फ्रेझर लाकडी पेटी घेऊन स्टोअरमध्ये आला. हाडकुळा, कमी बोलणारा माणूस. पेटी त्यानं डाव्या हातानं उघडली. पाइप त्याच्या आजोबांची होती, काळ्या लाकडाच्या नळ्यांची, चामड्याच्या पिशवीची. कोरड्या हवेनं पिशवीला बारीक भेगा पडल्या होत्या. वलीनं ती हातात घेतली, दाबून पाहिली, वास घेतला.

"मध पाहिजे," तो म्हणाला. "आणि थोडी चरबी. आमच्या उस्तादांनी शिकवलं होतं."

फ्रेझरनं पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

मध आणि चरबी इद्रीसनं दिली. इद्रीस श्रीवर्धनचा, मेसमध्ये आचारी, आणि वलीचा खोलीतला सोबती. त्याचं स्वतःचं डोकं त्या आठवड्यात वेगळ्याच गोष्टीनं उठलं होतं. साहेबांनी त्याला सणाचा खास पदार्थ करायला सांगितला होता.

"बकऱ्याच्या पोटाची पिशवी, तिच्यात काळीज, फुप्पुस, ओट नावाचं धान्य आणि कांदा भरून शिजवायचं," तो वलीला सांगू लागला. "वलीभाय, ही तर आपली वजडीच! फक्त मसाला नाय. मी म्हटलं, साहेब, थोडा गरम मसाला टाकू? तर म्हणतो, नो, नो. नुसती मिरपूड."

वली हसला, आणि हसता हसता खोकला आला म्हणून घाईघाईनं बाहेर गेला.

पिशवी मऊ झाली. बोटंही खरोखरच विसरली नव्हती. दुसऱ्या दिवशी चाल हाताखाली आपोआप येऊ लागली. पण श्वास पुरेना. पिशवी भरायची, काखेत दाबायची, दाबता दाबता पुन्हा फुंकायची. पलटणीत हे चालता चालता तासभर जमायचं. आता दोन मिनिटांत डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. तिसऱ्या दिवशी फुंकता फुंकता तो गोणीवर बसलाच. पाइप रडक्या आवाजात विव्हळून गप्प झाली. फ्रेझर दारात उभा होता.

"तू आजारी आहेस," तो म्हणाला.

वलीनं हात जोडले. "साहेब, डॉक्टरला सांगू नका. माझी नोकरी खलास होईल."

"मी ड्रिलर आहे. डॉक्टर नाही," फ्रेझर म्हणाला आणि शेजारच्या गोणीवर बसला. "दोनच चाली वाजव. आत येताना एक, आणि नंतर एक संथ. मध्ये मी गोष्ट सांगेन. मला गोष्टी सांगता येत नाहीत, पण सांगेन. तू तेवढ्यात दम घे."

एक तारीख उजाडली ती वाऱ्याची. समुद्रावरून थंड झोत येत होते आणि वाळू पत्र्यावर तडतडत होती. मेसचं दार बंद करून सगळे आत जमले होते. बाहेर वली, कुणाचा तरी मागून आणलेला काळा कोट घातलेला, आणि त्याच्या मागे ताटात पाव आणि मीठ घेतलेला इद्रीस. या मुलखात कोळसा मिळणं मुश्कील, म्हणून मॅक्रे साहेबांनी लहान बाटलीत विहिरीतलं कच्चं तेल भरून दिलं होतं. "आमचा कोळसा हाच," असं म्हणत त्यांनी स्वतःच ती वलीच्या खिशात सरकवली होती.

वाजवायचं भय होतंच, पण रात्रभर आणखी एक गोष्ट वलीला खात होती. ही माणसं वर्षाची बरकत व्हावी म्हणून दाराकडे डोळे लावून बसलीत, आणि दारातून येणार मी. माझ्या पावलानं यांच्या घरात काय येणार? हारुनचा आजार?

"इद्रीस, तू आधी जा आत," तो एकदम म्हणाला. "तुझेही केस काळेच आहेत."

"वेडा झालास काय, वलीभाय? माझ्या हातात ताट आहे, डोक्याला टक्कल आहे. चल, बिस्मिल्ला कर."

आतून टाळ्या सुरू झाल्या. वलीनं डोळे मिटले, पिशवी भरली आणि काखेत दाबली. तिन्ही लांब नळ्या एका सुरात घुमू लागल्या, तसं त्यानं दाराला पाय लावला.

पुढचं त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. आत शिरताच उठलेला आरडाओरडा. भिंतीला लावलेल्या चौकडीच्या कापडाच्या पट्ट्या. टेबलाच्या टोकाला डॉक्टर ओवेन, बारीक डोळ्यांचा, हातात ग्लास, पण ओठाला न लावलेला. तो टाळ्या वाजवत नव्हता. नुसता बघत होता. वलीनं नजर दुसरीकडे वळवली आणि पाय उचलत राहिला. छातीत आवळल्यासारखं होऊ लागलं. अजून अर्धी चाल बाकी होती.

तेवढ्यात दाराशी जमलेल्या पहारेकऱ्यांमधला म्हातारा अरब सैद मोठ्यानं ओरडला, "हब्बान! हब्बान!" त्यांच्या किनाऱ्यावरही कातडी पिशवीचा असाच बाजा लग्नाकार्यात वाजतो, त्याचं ते नाव. सैद आत घुसला आणि खांदे हलवत टाळ्या देऊ लागला. त्याच्यामागे बाकीचे आले. त्यांनी ठेका धरला, गळ्यातून हुंकार काढले. स्कॉटिश ड्रिलर टेबलं बाजूला सारून त्यांच्यात मिसळले. या गलबल्यात वलीनं चाल कशीबशी संपवली, आणि नाच मात्र पाइपशिवायच पाच-सात मिनिटं चालला. वली खांबाला टेकून उभा होता. फ्रेझर त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला, डॉक्टरच्या आणि त्याच्या मधोमध.

मग फ्रेझरनं गोष्ट सांगितली. बर्फात हरवलेल्या मेंढीची ती गोष्ट फार लांब होती आणि तिला शेवटच नव्हता. लोक हसायचे थांबले तरी तो सांगत राहिला.

संथ चाल दूर असलेल्यांसाठी होती. वलीनं सुरुवात केली आणि मेस गप्प झाली. मॅक्रे साहेबांनी मान खाली घातली. कुणीतरी नाक शिंकरलं. वलीला त्यांच्या गावांचं काही ठाऊक नव्हतं. त्याला दाभोळची खाडी दिसत होती, आणि धक्क्यावर उभी अन्वरी. श्वास संपला होता. पिशवीत जेवढी हवा उरली होती तेवढ्यावर, हातानं दाबून दाबून त्यानं शेवटचे सूर काढले. शेवटचा सूर जरा लवकर बसला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

पाइप फ्रेझरच्या हातात देऊन तो मागच्या दारानं निघाला आणि पाण्याच्या टाकीपाशी गुडघ्यांवर हात टेकून खोकत राहिला. थांबेचना. पाठीवर कुणाचा तरी हात पडला. त्यानं वळून पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

"किती दिवसांपासून?" डॉक्टर ओवेननं विचारलं.

खोटं बोलायला श्वास लागतो. तोही उरला नव्हता. "दोन वर्षं, साहेब."

"उद्या सकाळी दवाखान्यात ये. काही खाल्लं-प्यायलं तरी चालेल. फक्त ये."

जुम्म्याहून परत आल्यावर वलीनं इद्रीसला सगळं सांगितलं. इद्रीस खाटेवरून उठून उभा राहिला.

"म्हणजे म्हणून तू आपला कप वेगळा ठेवायचास? आणि मला वाटायचं, परकारांची मिजास! दोन वर्षं एका खोलीत झोपलो आपण, वलीभाय. माझी नूरजहाँ तीन वर्षांची आहे. मी सुट्टीत जाऊन तिला मांडीवर घेतलं असतं. तू मला सांगायला नको होतंस?"

इद्रीस बिछाना उचलून मेसच्या कोठीत झोपायला गेला. आपण नोकरी जाईल म्हणून घाबरलो, पण शेजारच्या माणसाचा विचार कपापलीकडे केलाच नाही, हे वलीला त्या रिकाम्या खाटेकडे बघताना पहिल्यांदा जाणवलं.

शनिवारी डॉक्टरनं खरोखरच डोळे मिटून छाती ऐकली. एक्स-रे काढला. तीन दिवस सकाळची थुंकी डबीत आणायला सांगितली. "नंतर सांगतो," एवढंच म्हणाला. त्यात रमजान सुरू झाला. इद्रीस सहरीचं, पहाटेचं जेवण दाराशी ठेवून जायचा, आत यायचा नाही, बोलायचा नाही. वलीनं ट्रंक भरून ठेवली. फ्रेझर एकदा येऊन दारातून डोकावून गेला.

तिसऱ्या रोज्याच्या दुपारी डॉक्टरनं बोलावलं.

"क्षय नाही," तो म्हणाला.

वली उभाच राहिला.

"कळलं का? टीबी नाही. एक्स-रेत नाही, थुंकीतही नाही. दमा आहे. सिमेंटची धूळ, ड्रिलिंगची पावडर, दोन वर्षं तू तेच आत ओढतोयस. तिथे राहिलास तर फुप्पुसं जातील. पण क्षय नाही."

"साहेब, पुन्हा एकदा सांगा."

डॉक्टरनं पुन्हा सांगितलं. मग जरा चिडून म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी आला असतास तर निम्मा त्रास वाचला असता. तुझाही, आणि खोलीत असलेल्या त्या आचाऱ्याचाही. काल तो मला विचारून गेला."

"आणि करार, साहेब?"

"स्टोअर तुझ्यासाठी खलास. मॅक्रेशी बोललोय. गेटवरच्या टाइम-ऑफिसात, हजेरी लिहायला, जागा आहे. पण सही सहा महिन्यांचीच करीन. जूनमध्ये पुन्हा ऐकीन, मग पुढचं."

सहा महिने. नेहमीच्या करारासारखी दोन वर्षं नाहीत. वलीनं मान हलवली, आणि दवाखान्याच्या पायरीवर बसला तो उठेचना. आपण रडतोय हे त्याला हातावर पाणी पडल्यावर कळलं. रोजा आहे, पाणी पिता येत नाही, म्हणून तो तसाच बसून राहिला.

असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजेनंतर तो मेसच्या मागच्या बाजूला गेला. इद्रीस इफ्तारीची भजी तळत होता. वलीनं दारातूनच सांगितलं, क्षय नाही, दमा आहे, गेटवर सहा महिने.

झारा हलत राहिला. इद्रीस मागे वळला नाही. वलीला वाटलं, त्यानं ऐकलंच नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. तो परत फिरणार एवढ्यात इद्रीस म्हणाला,

"माझा बिछाना कोठीत आहे. जड आहे, तुला उचलवणार नाही. मीच आणतो. तू खोलीत जाऊन बस, इथे धूर आहे."