दोरी ओढायचे पैसे

मी एक जुनी बेल आहे. दाराबाहेरची नव्हे हं, मित्रांनो! वृद्धांसाठी बांधलेल्या इमारतीत, एका पलंगाच्या उशाशी मी भिंतीवर बसले आहे. माझी लाल दोरी ओढली की खाली मदतनीस ताईंच्या खोलीत खणखणाट होतो आणि त्या धावत वर येतात.

मला बसवताना वायरमन म्हणाला होता, "आवाज झकास आहे!" त्या कौतुकावर मी बरीच वर्षे काढली. या खोलीत आधी एक निवृत्त पोस्टमन काका राहत. चष्मा सापडेना, ओढ दोरी. करमेना, ओढ दोरी. मला जराही उसंत नसे.

मग शिवणकाम करणाऱ्या आजी आल्या. सामान लावता लावता त्यांची लेक म्हणाली, "बेलचे पैसे वेगळे आहेत, पण तू काळजी करू नकोस. मी संध्याकाळी दुकानात काम धरलंय." आजींनी एकदा माझ्या दोरीकडे पाहिले.

त्या रोज माझ्यावरची धूळ पुसत, पण दोरीला हात लावत नसत. मला भारी नवल वाटे. माझा आवाज आवडत नसेल? ताईंशी अबोला असेल? छे, दोघींच्या गप्पा तर छान रंगायच्या! दोन वर्षे मी नुसते तर्क लढवत राहिले.

एका दुपारी आजी पलंगाजवळ घसरून पडल्या. पाय मुरगळला. त्यांनी दोरीपर्यंत हात नेला आणि मागे घेतला. 'ओढा ना!' मी मनातल्या मनात ओरडत होते. कुणी ओढल्याशिवाय मला बोलता येत नाही, याचे इतके वाईट कधीच वाटले नव्हते.

चहा घेऊन आलेल्या ताई घाबरल्याच. "आजी, दोरी हाताशी होती की!"

"एकदा ओढली की किती पैसे पडतात?"

"अहो, महिन्याचे पैसे ठरलेले आहेत. एकदा ओढा, नाहीतर शंभरदा!"

"म्हणजे लेक दोन वर्षं दुकानात उभं राहून पैसे भरतेय, आणि मी नुसती धूळ पुसतेय?" आजींचे डोळे भरून आले. मग ताई समोर असतानाही त्यांनी दोरी जोरात ओढली. खाली ताईंच्या रिकाम्या खोलीत मी खणखणले. दोघी हसू लागल्या.

मित्रांनो, तुमच्या आजी-आजोबांसाठी घरातले कुणी पैसे भरत असतील, तर तुम्ही त्यांच्याजवळ बसा. कशाकशाचे पैसे भरून झालेत ते नीट सांगा. आणि निघण्याआधी, तुमच्यासमोर, त्यांना एकदा दोरी ओढायला लावा.