सासऱ्यांच्या निगेटिव्ह

सासऱ्यांचा जावयावर दात होता, आणि तो कुठला हे अख्ख्या नात्यागोत्याला ठाऊक होतं. वरचा, पुढचा, उजवीकडचा.

जावई दातांचे डॉक्टर. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी नुकताच दवाखाना टाकला होता. होणाऱ्या सासऱ्यांची खालची डावी दाढ ठणकत होती, ती त्यांनी मोठ्या हौसेनं काढून दिली. तेव्हापासून सासरे प्रत्येक लग्नकार्यात चारचौघांसमोर तोंड उघडून दाखवत. "दाढ काढायला गेलो आणि पुढचा दात अर्धा ठेवून आलो. आमच्या डॉक्टरांची पक्कड निसटली."

डॉक्टरांना पक्कड निसटल्याचं आठवत नव्हतं. पण हात नवखा, कपाळावर घाम आणि खुर्चीत होणारे सासरे. त्या दिवशी त्यांनी दाढ सोडून दुसरीकडे पाहिलंच नव्हतं. पुढे इतक्या वेळा ऐकल्यावर निसटलीही असेल असं त्यांचं त्यांनाच वाटायला लागलं. म्हणून ते गप्प बसत. सासरे मात्र त्यानंतर दोन बस बदलून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दातांच्या डॉक्टरकडे जात.

आता हेच सासरे आणि सासूबाई मुलीकडे राहायला आले होते. त्यांच्या घराच्या भिंतीत पाणी मुरलं होतं आणि दुरुस्ती लवकर आटपायचं लक्षण नव्हतं. सासूबाई कपड्यांची एक पेटी घेऊन आल्या. सासरे फोटोंच्या निगेटिव्ह घेऊन आले. पाणीपुरवठा खात्यातली नोकरी सांभाळून त्यांनी आयुष्यभर कॅमेरा गळ्यात अडकवला होता, आणि त्या आयुष्याचे बिस्किटांचे डबे, बुटांची खोकी आणि एक जुना कुकर आता डॉक्टरांच्या दारात उभे होते.

"कुकर कशाला?" डॉक्टरांच्या बायकोनं विचारलं.

"झाकण घट्ट बसतं," सासरे म्हणाले. "ओल आत जात नाही."

निगेटिव्ह कुठे ठेवायच्या यावर सासऱ्यांचे नियम पक्के होते. स्वयंपाकघराजवळ नको, तिथे वाफ. माळ्यावर नको, तिथे उकाडा. लाकडी कपाटात नको, डांबरगोळ्यांच्या आसपास तर मुळीच नको. त्यांनी वरचं सगळं घर फिरून पाहिलं, नाक मुरडलं आणि जिना उतरून खालच्या दवाखान्यात आले. इथे थंड, कोरडं, शिवाय पोलादी खणांचं कपाट. ते कपाट डॉक्टरांच्या अवजारांचं होतं ही गोष्ट त्यांनी फारशी मनावर घेतली नाही.

"एक खण द्या फक्त, डॉक्टर."

डॉक्टरांनी दिला. आठवड्याभरात दुसरा खण कधी गेला ते त्यांना कळलंही नाही. मग एक दिवस एका शिक्षिकाबाईंनी आ वासलेला असताना डॉक्टरांनी सवयीनं मागे हात घातला आणि छोट्या आरशाऐवजी फिल्मची पट्टी बाहेर काढली. बाईंनी तोंड मिटलं. "हे कुठल्या दाताचं?" त्यांनी घाबरून विचारलं.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी ठरवलं, की सासऱ्यांना हाकलता येत नसेल तर निदान त्यांचं काम लवकर उरकून द्यावं. पेशंट संपले की ते, बायको आणि सासरे तिघं बसू लागले. एक्स-रे बघायचा दिव्याचा पांढरा चौकोन निगेटिव्हसाठी जणू बनवूनच घेतला होता. पट्टी त्यावर ठेवायची, ओळखायची, कागदी पाकिटात सरकवायची, पाकिटावर पेन्सिलीनं लिहायचं.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी आपले रबरी हातमोजे चढवले आणि मोज्यांची पावडर सगळ्या पट्टीवर उतरली.

"पिठात लोळवलीत की हो," सासरे म्हणाले आणि मऊ ब्रशनं ती एकेक चौकट झाडत बसले. मग त्यांनी जावयाला शिकवणी दिली. पट्टी कडेनं धरायची. गुळगुळीत बाजू आपल्याकडे. "आणि कडेला छापलेला आकडा सरळ वाचता आला, म्हणजे बाजू बरोबर. आकडा उलटा दिसला तर डाव्याचं उजवं होतं. हे पोरासोरांनाही कळतं."

ओळखणं हे मात्र सोपं नव्हतं. बायकोनं माणसांप्रमाणे गठ्ठे करायला घेतले, तर सासरे तिच्यावर उखडले. "गठ्ठे वर्षांप्रमाणे लावायचे. निगेटिव्हमध्ये पांढरे केस काळे दिसतात. माझ्या म्हाताऱ्या आत्याला तू तुझ्या मैत्रिणींत बसवलंयस."

डॉक्टरांचं तसं झालं नाही. निगेटिव्हमध्ये दात काळे कुळकुळीत दिसतात, सगळं खानदान कोळसा चावून हसतंय असं वाटतं. पण काळे असोत की पांढरे, दात ते दात. "हे तुमचे मधले काका, पुढे फट आहे. ही लांबची मामी, खालचे एकावर एक चढलेत. या बाईंना मी ओळखत नाही, पण यांची कवळी ढिली आहे." सासरे चष्मा वर करून बघत आणि नाइलाजानं मान हलवत. एकदा तर तोंडातल्या तोंडात "बरोबर आहे" असंही म्हणाले.

असं सगळं बरं चाललं असताना ती पट्टी आली. तळ्याकाठची सहल. चौकटीत सासरे खदखदून हसताहेत, हातात रिळाची पत्र्याची डबी. डॉक्टरांनी सवयीप्रमाणे आधी तोंडात पाहिलं आणि भिंग जवळ आणलं. मग आणखी जवळ आणलं.

"बाबा, ही सहल कधीची?"

"असेल कधीतरी. का?"

"डावा गाल सुजलाय तुमचा. म्हणजे ती दाढ अजून आत आहे."

"बरं मग?"

"आणि पुढचा दात अर्धा आहे."

बायकोनं हातातलं पाकीट खाली ठेवलं.

सासऱ्यांनी भिंग घेतलं, पाहिलं, परत दिलं. "उलटी धरलीय तुम्ही. तो उजवा गाल आहे. माझा उजवा गाल पहिल्यापासून जरा फुगीर आहे."

"कडेचा आकडा सरळ वाचता येतोय," डॉक्टर शक्य तितक्या नरमाईनं म्हणाले.

सासऱ्यांनी आकडा वाचला. मग तो दुसऱ्या कोनातून वाचला. "डाग असेल. धुताना बुडबुडा राहिला की असा डाग पडतो."

एवढ्यात सासूबाई चहा घेऊन खाली आल्या. निगेटिव्हमधलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण मुलीनं हातात भिंग दिलं तेव्हा चौकटीतली डबी त्यांनी बरोबर ओळखली. "हा मी काढलेला. डबीचं झाकण निघेना, तर यांनी दातानं उचकटलं. दात कटकन मोडला आणि हेच हसायला लागले. म्हटलं थांबा, असेच राहा, फोटो काढते. चार-पाच दिवसांनी डॉक्टरांकडे गेले दाढेसाठी."

"आई, मग तू इतकी वर्षं बोलली का नाहीस?" मुलीनं विचारलं. ती तेव्हा परीक्षेसाठी हॉस्टेलवर होती. घरी आली तेव्हा तिला मोडलेला दात आणि तयार गोष्ट एकदमच मिळाली होती.

"मला वाटलं, उरलेल्यातला आणखी थोडा डॉक्टरांनी मोडला असेल," सासूबाई म्हणाल्या. "आणि हे इतकं रंगवून सांगतात, मध्ये तोंड घालायला जागा कुठे असते?"

डॉक्टरांना खरं तर फार आनंद व्हायला हवा होता. इतक्या लग्नांत त्यांनी ताटावर खाली मान घातली होती. पण सासऱ्यांचा चेहरा पाहून त्यांना हसू आलं नाही. म्हातारा खोटं बोलताना पकडल्यासारखा दिसतच नव्हता. आपलंच घर न सापडणाऱ्या माणसासारखा दिसत होता.

"मला खरंच तसं आठवत होतं," सासरे म्हणाले आणि चहा न घेता वर गेले.

दोन दिवस त्यांनी खाली पाऊल टाकलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा पेशंट गेल्यावर ते आले, निगेटिव्हच्या खणाकडे न वळता सरळ खुर्चीत जाऊन बसले आणि डोकं मागे टेकलं.

"वरची एक दाढ ठणकतेय. तिकडचा डॉक्टर सुट्टीवर आहे."

तो डॉक्टर सुट्टीवर नव्हता. सकाळीच जावई त्याच्याशी फोनवर बोलले होते. त्यांनी ते सांगितलं नाही. कीड खोल होती, पण दाढ वाचण्यासारखी होती. त्यांनी सुई दिली, ओठ बधिर होऊ दिला, दोन्ही बाजूंना कापूस ठासला आणि काम सुरू केलं. मध्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की लग्नापासून आजवर सासऱ्यांसमोर आपण बोलतोय आणि मध्ये कुणी तोडत नाही असा प्रसंग पहिल्यांदाच आलाय.

"बाबा," ते म्हणाले, "ते दोन खण मला परत लागतील."

"अं."

"वरच्या बोळात आपण एक पोलादी कपाट घेऊ. भिंत कोरडी आहे, मी हात लावून पाहिलं. कुलपाचं घेऊ."

"अं अं."

"आणि तो पुढचा दात बांधून देतो. दोन बैठका लागतील."

सासरे यावेळी नुसते डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग हळूच मान हलवली.

कपाट त्याच आठवड्यात आलं, आणि नेमकं पुढच्या दाताच्या पहिल्या बैठकीच्या दिवशी. सासरे बधिर ओठ घेऊन वर आले तेव्हा मायलेकींनी खोकी उघडून निम्मी पाकिटं लावूनही टाकली होती, माणसांप्रमाणे, वर्षांप्रमाणे नव्हे. सासऱ्यांनी बरंच काही सांगायचा प्रयत्न केला. त्यातला "वर्षां"चा "व"सुद्धा कुणाला कळला नाही.

"आधी ओठ जागा होऊ द्या," सासूबाई म्हणाल्या आणि कुकर रिकामा करून घासायला घेऊन गेल्या.