रिकामा खांब

तंबू ठोकायच्या तळाच्या फाटकाशी एक पोकळ लोखंडी खांब रोवलेला होता. मुक्कामाचे पैसे पाकिटात घालून त्याच्या फटीतून आत टाकायचे, अशी या सरकारी रानातली रीत. पहारा नाही, ज्याची त्याची सचोटी. ओर्फा उन्हाळाभर तिथेच चाकांवरच्या गाडीघरात राहून तळाची निगा राखी.

"अहो बाई, जंगल सरकारचं म्हणजे आमचंच ना? आपल्याच अंगणात बसायला कसले पैसे?" तळावर तंबू ठोकून राहिलेला कर्टिस दुपारी हसत म्हणाला होता.

"मग अंगणातला संडास तुम्हीच धुता वाटतं?"

तो आणखीच हसला, आणि गळ घेऊन नदीवर गेला.

दिवेलागणीला ओर्फाने खांबाचं कुलूप काढलं. आत काहीच नव्हतं. तेवढ्यात वाऱ्यावर वास आला, ओल्या कुत्र्यासारखा, उग्र. कर्टिसने खाण्याची पेटी अस्वलांना न उघडणाऱ्या लोखंडी कपाटात न ठेवता तंबूबाहेरच ठेवली होती. तिचे तुकडे पडले होते. आणि पलीकडे, संडासाच्या दाराशी, अस्वल उभं होतं.

आतून बारीक आवाज आला, "बाबा?"

कर्टिसची लेक, टेसा! त्या दाराची कडी सैल होती. खांबात थोडे पैसे साठले की बदलू, म्हणून राहिली होती. अस्वलाने दारावर पंजा टेकला. फळी करकरली.

"टेसा, मी ओर्फाआजी. दार उघडू नकोस हं, राजा. पाठ लावून बस."

"बाहेर कोण आहे, आजी?"

अस्वलावरचा तिखट फवारा गाडीघरात खिळ्याला राहिला होता. "प्रभो, ते लेकरू..." पुढे रोजच्या प्रार्थनेचे शब्दही आठवेनात. कडी खिळखिळली. टेसा रडू लागली.

ओर्फाने हातातलं कुलूप खांबावर हाणलं.

रिकामा खांब घंटेसारखा घणघणला. अस्वल वळलं, दोन पायांवर उभं राहिलं आणि थेट तिच्याकडे पाहू लागलं. ती हाणत राहिली, बोटं सोलली तरी. शेवटी ते चार पायांवर उतरलं आणि झाडीत शिरलं.

आवाज ऐकून कर्टिस धावत आला. त्याने लेकीला कवटाळलं. मग खिशातून नोटा काढून खांबाकडे निघाला.

ओर्फाने हात आडवा केला. तिची नजर झाडीवरून हलली नव्हती.

"उद्या टाका," ती हळूच म्हणाली. "खाण्याची चटक लागलेलं अस्वल परत येतं. आज हा वाजवायला रिकामाच असू दे."